बारं बंद करण्याविषयी निवेदन

साहेब, मला पंधरा मिनिटं दिलीत,
त्यातली चार प्रोजेक्टर लागेना म्हणून गेली.
असू दे. चित्रांशिवाय सांगते.

मी न्याहळोदची. आता धुळ्यात, देवपुरात,
अकराशे घरांना नेट पुरवते.
माझा मामा पांझरेच्या फडावर जागल्या होता,
रात्रीचा पाट राखायचा.
मीही तेच करते असं मला वाटतं,
फक्त माझ्या पाटात पाय भिजत नाहीत.

तुमचा हुकूम येतो शुक्रवारी, साडेपाचनंतर.
एकेचाळीस नावं. खाली सही, शिक्का, ‘तात्काळ’.
कारणाचा रकाना कोरा.

अडवायचं कसं, ते तुम्ही विचारलंत.
एक रीत, नाव पुसायची.
लोक माझ्या यंत्राला विचारतात, अमकं कुठे राहतं?
यंत्र म्हणतं, या नावाचं कोणी नाही.
खोटं बोलतं, साहेब. मीच शिकवलंय.
जुबेर, माझा लाइनमन, पहिल्या दिवशीच हसला,
“पाटी पुसी टाकी, पन घर तठेच शे ना!”
आणि शाळेतली पोरं तोच पत्ता दुसऱ्याला विचारून
चहा उकळायच्या आत पोचतात.
तुमच्याही घरात आहे ना कोणी दहावीला?

मग दुसरी रीत. पत्ताच बंद.
हे काम पक्कं. पण तिथे
एका पत्त्यावर एकटं कोणी राहत नाही,
एका दारामागे तीनशे बिऱ्हाडं, कधी तीन हजार.
एका उसावर राग धरून बारं बुजवलं
की खालची मेथी वाळते,
कांद्याचं रोप वाळतं,
आणि मेथीला कोणी नोटीस देत नाही.

तिसरी रीतही आहे. प्रत्येक पाकीट वाटेत धरून
वरचं नाव वाचायचं.
ती यंत्रं महाग. आणि परवडली तरी मला नकोत.
जागल्यानं पाट राखावा,
कोण काय पेरतं ते वहीत उतरवू नये.

आता मार्चमधलं सांगते, मग बसते.
यादीत एक जुगाराचं दुकान होतं.
मी त्याचा पत्ता बंद केला. शनिवारी झोपलेसुद्धा नीट.
त्याच पत्त्यावर, मला काय माहीत,
वेडू बागूल मास्तर राहत होते.
म्हणजे त्यांचे अहिराणी शब्द राहत होते,
सहा हजारांवर, निवृत्तीनंतर एकेक करून टिपलेले,
पाण्याचेच दोनशे असतील.

एकोणीस दिवसांनी मास्तर आले दुकानात.
उन्हातून, पिशवीत पासबुक, हातात पाचशेची नोट.
“मन्हं काही भरानं ऱ्हायी गयं का, ताई?”

भांडले नाहीत. तेच तर सांगायचंय, साहेब.
त्यांना वाटलं, चूक आपली.
पडद्यावर नुसतं ‘पान उघडत नाही’,
कोणी बंद केलं नाही, का नाही, कुठवर नाही.
माणूस अशा वेळी आधी स्वतःचा खिसा तपासतो.

मामा बारं बंद करायच्या आधी हाक मारायचा.
तीनदा. खालच्या शेतापर्यंत जाईल अशी.
ज्याला हरकत असेल तो अंधारातून ओरडायचा,
कधी शिव्याही द्यायचा,
पण बारं कोणाच्या हातात आहे ते त्याला ठाऊक असायचं.

बंद करूच नका, असं मी म्हणत नाही.
काही बारी बंदच राहावीत, ते मलाही कळतं.
हाक मारू द्या एवढंच.
कोणाचा हुकूम, कशासाठी, उघडणार कधी,
आणि ओरडायचं असेल तर कोणाच्या दारात.

उपसचिव म्हणाले, मॅडम, थोडक्यात सांगा.
अडवता येतं की नाही?

मी म्हणाले, येतं.

इतिवृत्तात तेवढंच उतरलं.
‘तांत्रिकदृष्ट्या शक्य.’

जिन्यात जुबेरचा फोन.
नवी यादी आलीय, ताई. सत्तावन्न.
आज तर बुधवार होता.